झेल्मीराबाईंचं कोरडं स्टँपपॅड

लिपोवनीच्या स्थापत्य विद्याशाखेत एकेचाळीस विषय शिकवले जातात आणि त्यांतले चाळीस झेल्मीरा कुबोविचोव्हा यांनी लिहिलेले आहेत. झेल्मीराबाई स्वतः विद्यापीठात शिकलेल्या नाहीत. व्यापारी शाळेत टायपिंग शिकून एकोणिसाव्या वर्षी त्या इथे विभागाच्या सचिव म्हणून चिकटल्या, त्याला आता चौतीस वर्षं झाली.

हे लेखनकार्य त्यांच्या गळ्यात पडलं ते सुधारणेमुळे. युरोपातल्या शिक्षणमंत्र्यांनी एकत्र बसून ठरवलं, की यापुढे विद्यापीठाच्या केंद्रस्थानी शिक्षक नसेल, विद्यार्थी असेल. शिक्षकाने काय सांगितलं ते विचारायचं नाही. विद्यार्थ्याला शेवटी काय करता येतं ते विचारायचं. विचार चांगला होता. राजधानी ब्रातिस्लाव्हाला पोहोचेपर्यंत त्याचा फॉर्म झाला होता आणि लिपोवनीत आला तेव्हा एकेचाळीस फॉर्म. डीन ओंद्रुश यांनी ते प्राध्यापकांना वाटले. प्राध्यापकांनी ते न उघडता झेल्मीराबाईंच्या टेबलावर ठेवले. त्यापुढे टेबल नसल्यामुळे सुधारणा तिथेच मुक्कामाला राहिली.

फॉर्मसोबत मान्यताप्राप्त क्रियापदांची यादी होती. विद्यार्थी ‘वर्गीकरण करतो’, ‘आखणी करतो’, ‘मूल्यमापन करतो’ असं लिहायचं. ‘विद्यार्थ्याला समजतं’ असं लिहायला सक्त मनाई होती, कारण समजणं मोजता येत नाही. काँक्रीटच्या प्राध्यापकांची याला काहीच हरकत नव्हती. त्यांच्या वर्गात समजण्याचा प्रकार तसाही क्वचितच घडे. झेल्मीराबाईंनी ती यादी कॉफीच्या ग्लासाशेजारी चिकटवली आणि कामाला लागल्या. पोलादी पूल त्यांनी एका दुपारी लिहिले. मातीच्या विषयाला दोन दिवस लागले, कारण मधे त्यांचा नामदिन, म्हणजे कॅलेंडरात त्यांच्या नावाचा असलेला दिवस, आला आणि लोक केक घेऊन येत राहिले. प्राध्यापकांनी सह्या केल्या. एक-दोघांनी वाचूनही केल्या.

एकच फॉर्म त्यांना लिहिता आला नाही. तो इंजिनिअर मिहालिकांचा.

ब्लाझेय मिहालिक अठ्ठावन्न वर्षांचे होते. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ते जमिनीचा उंचसखलपणा मोजायला शिकवत. डॉक्टरेट नव्हती, शोधनिबंध नव्हते, करार दरवर्षी नव्याने व्हायचा. त्यांनी फॉर्म स्वतः भरून आणला होता आणि त्यात एकच वाक्य होतं: ‘विद्यार्थी आपल्या इमारतीच्या भिंतीतल्या लोखंडी खुणेपासून निघतो, उंची मोजत नदीवरच्या पुलापर्यंत जातो, मोजत परत खुणेशी येतो, आणि फरक दहा मिलिमीटरच्या वर जात नाही.’

“एवढंच?” झेल्मीराबाईंनी विचारलं.

“अजून काय हवं?”

“मूल्यमापनाची पद्धत लिहायचीय, इंजिनिअरसाहेब. आणि संदर्भग्रंथ.”

“फरक अकरा आला तर परत जायचं. झालं मूल्यमापन.” मिहालिकांनी स्वतःच्या बुटांकडे बघितलं. “संदर्भग्रंथात बूट लिहा. चांगल्या तळव्याचे.”

झेल्मीराबाईंनी ते वाक्य तीनदा वाचलं. यादीतलं एकही क्रियापद त्यात नव्हतं, आणि मंत्रालयाला जे हवं होतं ते नेमकं तेवढंच त्यात होतं. त्यांनी तो फॉर्म तसाच पाठवून दिला.

डीनसाहेबांचा मिहालिकांवर राग होता, तो मात्र फॉर्मवरून नव्हता. सुधारणेसाठी आलेल्या निधीतून डीननी दुसऱ्या मजल्यावर ‘सक्रिय अध्ययन दालन’ उभारलं होतं. जुनी बाकं काढून तिथे चाकं लावलेल्या खुर्च्या आणल्या, म्हणजे विद्यार्थी हवे तसे गट करतील. विद्यार्थ्यांना गट करावेच लागले नाहीत. तासाला सुरुवात झाली की सगळ्या खुर्च्या आपसूक खिडकीकडे सरकत आणि तासाच्या शेवटी अख्खा वर्ग एकाच कोपऱ्यात सामूहिक अध्ययन करत असे. मिहालिकांच्या मुलांनी एका सकाळी जमिनीचा उतार मोजला: दारापासून खिडकीपर्यंत त्रेचाळीस मिलिमीटर. तो आकडा त्यांनी नियमाप्रमाणे सूचनाफलकावर लावला. स्थापत्य विद्याशाखेची जमीन तिरकी आहे, हे स्थापत्य विद्याशाखेच्याच फलकावर आठवडाभर होतं. डीननी ते विसरायचं नाही असं ठरवलं.

मेच्या शेवटच्या दिवशी परदेशी तपासणी समिती यायची होती. सुधारणा खरंच झाली का हे ती बघणार होती. मान्यता टिकते की जाते ते तिच्या अहवालावर होतं.

झेल्मीराबाईंना अहवालाची फारशी काळजी नव्हती. त्यांना काळजी होती टेबलाची. लिपोवनीत अंतिम तोंडी परीक्षेच्या दिवशी परीक्षकांसाठी टेबल मांडायचं काम विद्यार्थ्यांचं. पांढरा कपडा, फुलं, काचेच्या ग्लासात गाळ खाली बसलेली कॉफी, आणि ख्लेबिच्की. म्हणजे पावाच्या तिरप्या कापावर बटाट्याचं सॅलड, हॅमची सुरळी, अंड्याची चकती आणि वर आंबट काकडी. याला कोणी लाच म्हणत नाही. लाच देऊन माणूस पास होतो. इथे टेबल मांडूनही लोक नापास होत. पण एक गोष्ट झेल्मीराबाईंनी चौतीस वर्षं पाहिली होती: समिती खाते तेव्हा पास करते. एका जूनमध्ये तिघाही परीक्षकांची पोटं बिघडली होती. कोणी काही खाल्लं नाही. त्या दिवशी सात जण नापास झाले.

तेव्हा परदेशी असली म्हणून काय झालं, समिती ती समिती. त्यांनी दुसऱ्या वर्षाच्या राद्काला आणि तिच्या दोन मैत्रिणींना सकाळी सहाला बोलावलं.

“साठ?” राद्का म्हणाली. “झेल्मीराबाई, तीन माणसं येतायत.”

“तीन माणसं आणि मान्यता. अंडं पातळ काप. काँक्रीट ओतायचं नाहीये.”

समिती नऊला आली. अध्यक्ष तुलिक्की राउतियो या फिनलंडच्या उंच, करड्या केसांच्या बाई, सोबत एक पोर्तुगीज प्राध्यापक आणि बेल्जियमचा एक विद्यार्थी. डीननी स्वागत केलं आणि हात टेबलाकडे केला. राउतियोबाई छान हसल्या. आचारसंहितेनुसार समिती फक्त पाणी घेऊ शकते, असं म्हणून त्यांनी नळ कुठे आहे ते विचारलं.

नळ! डीनसाहेबांचा चेहरा पांढऱ्या कपड्याच्या रंगाचा झाला.

साडेदहाला मध्यंतर झालं. समितीने पाणी घेतलं. साडेअकराला पुन्हा पाणी. पोर्तुगीज प्राध्यापक एकदा टेबलाजवळ उभे राहून हॅमकडे बराच वेळ बघत होते. अध्यक्षबाईंनी नुसता घसा साफ केल्यावर ते खिडकीकडे वळले. दुसऱ्या मजल्यावरच्या दालनात प्रात्यक्षिक तास झाला. खुर्च्या सरकल्या, त्यांच्यासोबत बेल्जियमचा विद्यार्थीही सरकला आणि आपण कुठे चाललो आहोत ते त्याने वहीत टिपून घेतलं.

बाराला डीन झेल्मीराबाईंच्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं.

“किती तुकडे गेले?”

“एकही नाही.”

“काकडीसुद्धा नाही?”

“साठच्या साठ आहेत, डीनसाहेब.”

“संपलं. आपल्याला उडवणार ते.” ते खुर्चीत बसले. “खाल्लं नाही म्हणजे सकाळीच ठरलंय. आता चार वाजता शेवटची बैठक. त्याच्या आधी काहीतरी ठोस दाखवायला हवं. काहीतरी कठोर.”

घाबरलेला साहेब कठोर कोणावर होतो हे झेल्मीराबाईंना सांगायला कोणी कशाला हवं?

“मिहालिकचा करार,” डीन म्हणाले. “डॉक्टरेट नसलेला एकच माणूस आहे आपल्याकडे. सांगू, की आम्ही गुणवत्तेसाठी निर्णय घेतला. पत्र टाइप करा, मी सही करतो. नूतनीकरण नाही. आजच हातात पडायला हवं, नाहीतर करार आपोआप वर्षभर पुढे जातो.”

“त्यांच्या निवृत्तीला पाच वर्षं आहेत.”

“माझ्याही आहेत.”

“आणि मोजणी कोण शिकवणार?”

“फॉर्मवर प्राध्यापक ह्लाड्की आहेतच.”

ह्लाड्की एक्याऐंशी वर्षांचे होते. अभ्यासक्रमाची हमी म्हणून त्यांचं नाव चार विद्यापीठांच्या कागदावर होतं. ते कुठे राहतात हे मात्र एकाही विद्यापीठाला नक्की ठाऊक नव्हतं.

पत्र पाच ओळींचं झालं. सही झाली. “जावक क्रमांक घाला, शिक्का मारा, दोनच्या आत पोचवा,” असं सांगून डीन गेले.

झेल्मीराबाई पत्राकडे बघत बसल्या. टेबल त्यांनी मांडलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं. त्या साठ तुकड्यांपायी एका माणसाची नोकरी जात होती. आणि त्यांचीही काही दगडात कोरलेली नव्हती. सचिवाला काढायला तर पाच ओळीही लागत नाहीत.

त्यांनी जावक रजिस्टर उघडलं. पुढचा क्रमांक होता २१७. त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं, आणि टोपण परत लावलं. मग रजिस्टर मिटून पत्र खालच्या खणात, नामदिनाच्या केकवरच्या उरलेल्या मेणबत्त्यांखाली सरकवलं.

दीडला समितीने विद्यार्थ्यांशी बंद दाराआड बोलणं केलं. तिथे काय झालं ते राद्काने लगेच येऊन सांगितलं.

“त्या बाईंनी विचारलं, इथे तुम्ही खरोखर काय शिकलात. सगळे गप्प. मी म्हटलं, चूक झाली की परत पुलावर जायला शिकलो. मग सगळेच बोलायला लागले. पावसात गेलो, अकरा आला, परत गेलो, तेरा आला, आंद्रेयने शिव्या दिल्या, परत गेलो… त्यांना मिहालिकसरांचा तास बघायचाय. आत्ता.”

मागोमाग समिती जिन्यावर आली आणि तिच्या मागून डीन.

“ते आज बाहेर आहेत,” डीन सांगत होते. “नदीवर. चिखल आहे तिथे.”

“छान,” राउतियोबाई म्हणाल्या. “आम्ही नदीवर जाऊ.”

डीन दोन पावलं मागे राहून झेल्मीराबाईंच्या कानाशी आले. “पत्र दिलं?”

“शिक्का उठत नाही, डीनसाहेब. स्टँपपॅड कोरडं आहे.”

“मग दुसरं आणा!”

“तीन कोटेशनं मागवावी लागतात. तुम्हीच परिपत्रक काढलंय.”

डीनना एकाच वेळी रडावं आणि ओरडावं असं वाटलं असणार. समिती वळून बघत असल्यामुळे ते हसले. मग वरच्या कार्यालयातून फोन आला म्हणून ते मागे राहिले आणि झेल्मीराबाईंना वाट दाखवायला पाठवलं. झेल्मीराबाईंनी निघताना टेबलावरच्या ख्लेबिच्की टोपलीत भरल्या. समितीने नाकारल्या म्हणून अन्न काही फेकायचं नसतं.

वाह नावाच्या त्या नदीच्या काठावर नऊ मुलं होती. तिपाईवर मोजणीचं यंत्र, लांब एक मुलगी उभा दांडा धरून, आणि एका पेटीवर बसलेले मिहालिक. ते काहीच करत नव्हते. पाहुणे आलेले पाहून त्यांनी मान हलवली आणि पुन्हा काहीच न करायला लागले.

“तुम्ही आत्ता काय शिकवताय?” राउतियोबाईंनी विचारलं. राद्काने भाषांतर केलं.

“काही नाही. सकाळी चौदा आला. परत निघालेत.”

“चूक कुठे झाली ते तुम्हाला माहीत आहे?”

“तिसऱ्या ठिकाणी. दांडा मऊ मातीवर ठेवला होता. खचला.”

“मग सांगितलं का नाही?”

मिहालिकांनी त्यांच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. “सांगितलं तर त्यांना एवढंच कळेल की मला माहीत आहे.”

पोर्तुगीज प्राध्यापकांनी हे लिहून घेतलं. बेल्जियमच्या विद्यार्थ्याने लिहून घेतलं. अध्यक्षबाईंनी मात्र वही मिटली आणि मला काही धरता येईल का म्हणून विचारलं. दांडा धरणारी मुलगी थकली होती. तिने तो लगेच त्यांच्या हातात दिला.

यंत्रामागून आंद्रेय ओरडला, “सरळ धरा की! काय झोप आलीय का?”

राद्काने भाषांतर करताना त्यातला एक भाग गाळला. राउतियोबाईंना उरलेला आवाजावरून कळला असावा. त्यांनी दांडा सरळ धरला आणि सव्वा तास धरूनच ठेवला. कोट गुडघ्यापर्यंत चिखलात माखला. पावणेचारला शेवटचं वाचन भिंतीतल्या खुणेवर झालं. आंद्रेयने आकडेमोड केली, पुन्हा केली, आणि टोपी उडवली.

“सहा!”

सगळे नदीवर परतले तेव्हा तिथे एकाने आधीच विस्तव केला होता आणि काड्यांना लावून भाजायला धरलेल्या डुकराच्या चरबीच्या फोडी ठिबकत होत्या. राउतियोबाई पेटीवर मिहालिकांच्या शेजारी टेकल्या. सकाळपासून त्यांनी सात ग्लास पाणी प्यायलं होतं. त्यांची नजर टोपलीवर गेली आणि तिथून हलेना.

“ही भेट आहे का?” त्यांनी विचारलं. “भेट आम्हाला घेता येत नाही.”

झेल्मीराबाईंना शाळेतलं थोडं जर्मन येत होतं. त्यांनी राद्काला थांबवलं आणि स्वतःच म्हणाल्या, “भेट कसली! उरलंसुरलं आहे. तुम्हीच उरवलंत.”

अध्यक्षबाईंनी विचार केला. उरल्यासुरल्याबद्दल आचारसंहिता गप्प होती. त्यांनी एक घेतली. मग आणखी तीन. पोर्तुगीज प्राध्यापकांनी किती घेतल्या ते मोजायला झेल्मीराबाईंना सवड मिळाली नाही. ते फार वेगात होते.

चारची बैठक पाचला सुरू झाली. समिती चिखलाच्या बुटांनी आत आली. डीननी आधी बूट पाहिले, मग पोर्तुगीज प्राध्यापकांच्या मिशीला लागलेलं अंड्याचं पिवळं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं.

“खाल्लं?” त्यांनी झेल्मीराबाईंना कुजबुजून विचारलं.

“छत्तीस.” टोपलीत उरलेल्या त्यांनी मोजल्या होत्या.

“देवा!” डीन ताठ झाले. “ऐका, दुपारी मी ते पत्र…”

“कुठलं पत्र?”

“बरोबर,” डीन म्हणाले. “कुठलं पत्र!”

अहवाल सप्टेंबरमध्ये आला. मान्यता कायम राहिली. समितीला दोन गोष्टी विशेष आवडल्या होत्या. पहिली, अभ्यासक्रमाच्या दस्तऐवजांची अचूक आणि सुसंगत भाषा, ‘जी प्राध्यापकवर्गाच्या सामूहिक चिंतनाची साक्ष देते.’ प्राध्यापकांनी हे वाक्य एकमेकांना वाचून दाखवलं. दुसरी, इंजिनिअर मिहालिक यांची पद्धत, ‘जिचा प्रसार संपूर्ण विद्याशाखेत व्हावा.’ एक सुधारणाही सुचवली होती: समित्यांसाठी विद्यार्थ्यांनी टेबल मांडू नये. तेव्हापासून टेबल ‘स्वयंसेवक’ मांडतात. राद्का मुख्य स्वयंसेवक आहे. त्यासाठीचा फॉर्म झेल्मीराबाईंनी भरला: ‘विद्यार्थी अंड्याचं समान जाडीत विभाजन करतो.’

दुसऱ्या आठवड्यात डीननी नवं पत्र टाइप करायला दिलं. मिहालिकांची ‘अध्यापन नवोपक्रम समन्वयक’ म्हणून नेमणूक. पगारात वाढ, वेगळी खोली. दर गुरुवारी साठ शिक्षकांसमोर दोन तासांचं व्याख्यान, पडद्यावर चित्रांसह. विषय: व्याख्यानं का देऊ नयेत. गुरुवारी ते नदीवर असतात याचाही विचार झाला होता. मोजणी आता दालनात संगणकावर होणार होती. तिथे चूक झाली की यंत्र स्वतःच दुरुस्त करतं आणि कोणाला परत जावं लागत नाही.

झेल्मीराबाई पत्र घेऊन मिहालिकांकडे गेल्या. ते दांड्यांवरचा वाळलेला चिखल खरवडत होते.

“वाचा.”

त्यांनी वाचलं. “अभिनंदनाचं आहे?”

“असं म्हणतात.”

“मे महिन्यातलं बरं होतं,” मिहालिक म्हणाले. झेल्मीराबाई दचकल्या, त्या पत्राबद्दल त्या कोणाशी बोलल्या नव्हत्या. “त्यात निदान काढलंय असं स्वच्छ लिहिलं असणार. राद्का सगळं सांगते, झेल्मीराबाई. तिला दारं बंद करून काही होत नाही.”

“हे पत्र जावक क्रमांक पडल्यावरच लागू होतं.”

“मग?”

“तुम्ही सांगा.”

मिहालिकांनी दांडा भिंतीला टेकवला, पुन्हा उचलून सरळ केला. “गुरुवारी नवीन बॅच आहे,” ते म्हणाले. “चौदा जण. एकाच्याही पायात धड बूट नाहीत.”

झेल्मीराबाई परत आल्या. जावक रजिस्टरमध्ये पुढचा क्रमांक ३४० होता. तो त्यांनी छताच्या गळतीबद्दलच्या पत्राला दिला. मिहालिकांचं पत्र खालच्या खणात मेणबत्त्यांखाली गेलं, मेच्या पत्राच्या अंगावर. एकात त्यांना काढून टाकलं होतं, दुसऱ्यात त्यांचा गौरव केला होता. गुरुवारच्या दृष्टीने दोन्ही एकच.

नोव्हेंबरात डीननी विचारलं, “मिहालिकचं नेमणूकपत्र गेलं ना हो?”

“स्टँपपॅड, डीनसाहेब.”

“अजून?”

“दोन कोटेशनं आलीत. तिसऱ्याची वाट बघतेय.”

डीननी मान डोलावली. नियम त्यांचाच होता. शिवाय ब्रातिस्लाव्हाला पाठवायच्या वार्षिक अहवालात मिहालिक समन्वयक म्हणून आधीच काम करू लागले होते आणि त्यांच्या व्याख्यानांना सरासरी अठ्ठावन्न शिक्षक हजर होते. तो अहवालही झेल्मीराबाईंनीच लिहिला होता. खिडकीबाहेर, भिंतीतल्या लोखंडी खुणेशी वाकून चौदा मुलं आकडा बघत होती. कोणीतरी “सतरा” म्हणालं, कोणीतरी शिवी दिली, आणि सगळी परत पुलाकडे निघाली.